शरणपूर : आसरा देणाऱ्या एका वस्तीचा इतिहास

वणीहून दिंडोरीमार्गे नाशिकला जाणाऱ्या माणसाला 'शरणपूर रोड' हे नाव नवे नाही. जुन्या बस स्थानकापासून पुढे गेलेल्या या रस्त्यावर महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे, दवाखाने आहेत, दुकाने आहेत. लग्नाचा बस्ता, दवाखाना किंवा कॉलेजातील प्रवेश यांपैकी काही ना काही निमित्ताने आपल्यापैकी प्रत्येकाचे पाय तिकडे वळलेले असतात. पण 'शरणपूर' हा शब्द फोडून पाहण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेतो. शरण आलेल्यांचे पूर, म्हणजे आश्रितांचे गाव, असा त्याचा सरळ अर्थ आहे. हे गाव कोणासाठी वसले, येथे कोण राहून गेले आणि पुढे त्यांचे काय झाले, ही हकिकत आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावी असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात ती सापडत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे नाशिक म्हणजे गोदावरीच्या दोन्ही काठांवरचे एक तीर्थक्षेत्र. मुसलमानी अमलात याच शहराचे नाव गुलशनाबाद असे होते. पेशवाईत जुने नाव पुन्हा रूढ झाले आणि १८१८ साली इंग्रजांचा अंमल सुरू झाला. १८३२ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज संस्थेचे पाद्री येथे आले. त्यांच्या उपदेशाने जे थोडे लोक ख्रिस्ती झाले, त्यांना घरच्यांनी घराबाहेर काढले, जातीने वाळीत टाकले, विहिरीचे पाणी तोडले. अशा लोकांची आणि पोरक्या मुलांची सोय व्हावी म्हणून विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या पाद्र्याने जुन्या गावाच्या पश्चिमेस मोकळ्या जागेवर १८५५ च्या सुमारास एक वसाहत उभी केली. तिचे नाव ठेवले शरणपूर.

एवढेच असते तर ती मिशनच्या इतिहासातील एक ओळ झाली असती. पण १८६० साली या वस्तीत जी मुले राहावयास आली, त्यांनी शरणपूरचे नाव आफ्रिकेच्या पोटापर्यंत आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत नेले.

ही मुले आफ्रिकन होती. आजच्या मलावी, मोझांबिक व टांझानिया या देशांत, न्यासा सरोवराच्या आसपास आणि त्याच्या पलीकडे, त्या काळी माणसे पकडून विकण्याचा धंदा जोरात होता. गावांवर छापे पडत. म्हातारी माणसे मारली जात किंवा मागे टाकली जात आणि तरुण व मुले यांच्या गळ्यात लाकडी खोडे अडकवून त्यांना समुद्रकिनाऱ्यापर्यंत चालवत आणले जाई. तेथून झांजीबारचा बाजार आणि मग गलबतांतून अरबस्तान, इराणचे आखात, कधी कच्छ-काठेवाड असा त्यांचा प्रवास होई. या धंद्यात कोणाचे हात काळे झाले होते याविषयी आपण आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. गलबते बहुधा अरबांची होती, म्हणजे आपल्याच धर्मबांधवांची. गुलाम मुक्त करणे हे कुराणाने मोठे पुण्य सांगितले असताना हा व्यापार त्यांनी शतकानुशतके चालविला. झांजीबारच्या पेढ्यांवर कच्छी भाटिया, खोजा आणि बोहरा व्यापाऱ्यांचे भांडवल खेळत होते. आणि ज्या युरोपियनांनी पुढे ही बंदी घडवून आणली, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर माणसे जहाजांत कोंबून अमेरिकेला नेली होती. कोणीच कोणाला बोट दाखवावे अशी स्थिती नाही.

ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर आणि १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतील गुलामगिरीवर बंदी घातली. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला न्यायालयात थारा उरला नाही. त्यानंतर इंग्रजी आरमाराची जहाजे अरबी समुद्रात गलबते अडवू लागली. पकडलेल्या गलबतावर गुलाम आढळले की त्यांना मुक्त करून एडनला किंवा मुंबईला आणले जाई. प्रश्न पुढे होता. ही मुले परत कोठे पाठवावयाची? बहुतेकांना आपल्या मुलखाचे नाव सांगता येत नव्हते. सांगता आले तरी तेथे पोहोचविण्याची वाट गुलामांच्या व्यापाऱ्यांच्याच ताब्यात होती. परत पाठविणे म्हणजे पुन्हा विकणे. निर्वासिताची व्याख्या पुढे शंभर वर्षांनी जिनिव्हात लिहिली गेली, तिचे मर्म मुंबईच्या पोलिसांपुढे त्या काळीच येऊन उभे होते.

मुंबईत पोलीस खात्यामार्फत अशी मुले निरनिराळ्या घरांत व संस्थांत ठेवली जात. घरांत ठेवलेल्यांचे पुष्कळदा केवळ नाव बदले. काल गुलाम म्हणत, आज नोकर. हे पाहून मिशनने मुंबईत आफ्रिकन मुलांसाठी एक आश्रम काढला. आयझेनबर्ग नावाचे जर्मन पाद्री त्याचे काम पाहत. मुंबईत जागा अपुरी पडू लागली आणि शहराच्या हवेत मुलांचे हाल होऊ लागले, तेव्हा १८६० मध्ये हा आश्रम नाशिकला शरणपुरात हलविण्यात आला. आफ्रिकन असायलम या नावाने तो ओळखला जाई.

दख्खनच्या मातीला हबशी माणूस नवा नव्हता, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे. अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर हा इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा होता. हातोहात विकला जाऊन तो दख्खनला आला, वजीर झाला, मोगलांशी वर्षानुवर्षे झुंजला. पुढे औरंगाबाद म्हणून गाजलेली खडकी त्याने वसवली, तेथे नहर बांधली, जमिनीच्या महसुलाची घडी बसवली आणि १६२६ मध्ये तो वारला. आपला नाशिकचा प्रदेशही निजामशाहीतच मोडत असे. जंजिऱ्याचे सिद्दी तर सर्वांना माहीतच आहेत. दख्खनी सल्तनतीत गुलाम म्हणून आलेल्या कर्तबगार माणसाला वर चढण्याची शिडी होती. इंग्रजी राज्यात ती शिडी उरली नव्हती. तिच्या जागी शाळा आली.

शरणपुरात या मुलांना काय मिळाले? राहावयास घर आणि पोटभर अन्न तर मिळालेच. त्याखेरीज वाचणे, लिहिणे आणि हिशेब. इंग्रजीबरोबर हिंदुस्थानी आणि मराठी या भाषाही त्यांच्या कानी-तोंडी बसल्या. मुलांना सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम आणि शेती शिकवीत; मुलींना शिवण व घरकाम. वयात आल्यावर त्यांची आपापसात लग्ने लावून देत. नाशिकच्या बाजारात वांगी-मिरची घेणारा, मराठीत भाव करणारा न्यासाकाठचा तरुण ही कल्पना आज चमत्कारिक वाटेल, पण दहा-पंधरा वर्षे हे दृश्य या शहरात होते. हातात कसब दिल्याशिवाय आसरा पुरा होत नाही, ही गोष्ट प्राइससाहेबांना कळली होती हे कबूल केले पाहिजे. आजही कितीतरी छावण्यांत माणसांना वर्षानुवर्षे शिधा मिळतो आणि काम मिळत नाही.

१८६५ च्या सप्टेंबरात शरणपूरला एक प्रसिद्ध पाहुणा आला. आफ्रिकेचा संशोधक डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन. नाईल नदीचा उगम शोधण्याच्या मोहिमेची तो मुंबईत तयारी करीत होता आणि मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे त्याला साहाय्य होते. आपल्याबरोबर आफ्रिकेत येणारे, तिकडच्या भाषांची थोडीबहुत आठवण असलेले आणि शिकलेले तरुण त्याला हवे होते. नाशिकच्या नऊ जणांनी तयारी दाखविली. १८६६ च्या जानेवारीत ते मुंबईहून गलबतावर चढले. ज्या किनाऱ्यावरून त्यांना बांधून आणले होते, त्याच किनाऱ्यावर ते आता पगारी माणसे म्हणून उतरले.

या प्रवासाची हकिकत गोड नाही. लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत 'नासिक मुलां'विषयी अनेकदा कुरकूर केली आहे: आळशी आहेत, ओझी उचलत नाहीत, ऐकत नाहीत. काहींनी मध्येच साथ सोडली, काही आजाराने गेले, एकाचा खून झाला. त्यांची बाजू कोणी लिहून ठेवली नाही. सुतारकाम आणि इंग्रजी वाचन शिकून निघालेल्या तरुणाला जंगलातून हमालासारखे चालविले तर तो कुरकुरणारच, असे मला तरी वाटते. तरीही काही जण शेवटपर्यंत राहिले.

१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी जी माणसे पाठविण्यात आली, त्यांत नाशिकला शिकलेले आणखी काही तरुण होते. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक. मूळचा याओ जमातीचा, लहानपणी गुलाम झालेला, इंग्रजी जहाजाने सोडविलेला आणि शरणपुरात अक्षर-ओळख झालेला. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबो नावाच्या गावी लिव्हिंग्स्टनचा अंत झाला, तेव्हा तेथे एकही गोरा माणूस नव्हता. सुमारे साठ माणसांच्या त्या तांड्याने आपसात विचार केला. तेथेच पुरून मोकळे होणे सोपे होते. सुसी आणि चुमा या दोघा जुन्या साथीदारांच्या पुढाकाराने त्यांनी निराळेच ठरविले. (यातला चुमा मुंबईला डॉ. विल्सन यांच्या शाळेत काही काळ शिकलेला होता.) त्यांनी हृदय काढून एका झाडाखाली पुरले आणि जेकबने इंग्रजी प्रार्थनेचे पुस्तक उघडून अंत्यविधीचे पाठ वाचले. नंतर त्याने झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख कोरली. देह मिठात व उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून त्यांनी खांद्यावर घेतला आणि ते समुद्राकडे चालू लागले.

हजार मैलांहून अधिक वाट आणि सुमारे नऊ महिने. वाटेत आजार, उपासमार, चकमकी. काही सोबती दगावले. प्रेत घेऊन जाणाऱ्यांना गावात शिरू देत नसत, म्हणून ओझे दुसऱ्याच कशाचे आहे असे भासवावे लागे. वाटेत भेटलेल्या कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयो बंदरावर पोहोचले. तेथे इंग्रज अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला, मजुरी चुकती केली आणि बहुतेकांना घरी जाण्यास सांगितले. मिशनने खर्च सोसल्यामुळे जेकब तेवढा देहाबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत इंग्लंडातील नामांकित लोकांबरोबर जेकब वेनराइट होता. सुसी आणि चुमा यांना कोणी बोलाविले ते नंतर. अंत्यविधी त्यांना पाहता आला नाही. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्या साठ माणसांसाठी पदके पाडली, पण तोवर ती माणसे चारी दिशांना पांगली होती आणि पुष्कळांना पदक मिळालेच नाही.

आता शरणपूरच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, सायमन प्राइस, नाथानिएल. ही त्यांच्या आई-बापांनी ठेवलेली नावे नव्हेत. शरणपुरात आल्यावर मुलाला पाणी शिंपडून ख्रिस्ती करीत आणि त्याला इंग्रजी नाव मिळे, कधी एखाद्या पाद्र्याचे, कधी दूरच्या देणगीदाराचे. सात-आठ वर्षांच्या पोरक्या मुलाला धर्म निवडावयास सांगणे म्हणजे काय, हे सुज्ञ पालकांना सांगावयास नको. भाकरी, शाळा, कसब हे सारे एका गाठोड्यात बांधले होते आणि गाठोड्याची गाठ धर्माची होती. मिशनचे उपकार मोठे आहेत, ते मी कमी लेखत नाही. परंतु अशा आसऱ्याची किंमत आश्रिताच्या नावाने चुकती होते.

आपल्या वाचकांना येथे हबशाच्या हिजरतीची आठवण होईल. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून काही मुसलमान स्त्री-पुरुष समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेले. तेथील राजा नजाशी हा ख्रिस्ती होता. मक्केच्या कुरैशांनी नजराणे देऊन आपली माणसे पाठविली आणि 'आमचे पळालेले लोक परत द्या' अशी मागणी केली. राजाने दोन्ही बाजू ऐकल्या, हजरत जाफर यांचे म्हणणे ऐकले, नजराणे परत केले आणि आश्रितांना आपल्या मुलखात निर्भयपणे राहण्याची मुभा दिली. त्याने धर्म बदलण्याची अट घातली नाही. इस्लामच्या इतिहासातील पहिले निर्वासित आफ्रिकेत आणि ख्रिस्ती राजाच्या छायेत सुरक्षित राहिले, हे आपण मुलांना आवर्जून सांगावे. त्याच नजाशीच्या धर्माचे लोक साडेबाराशे वर्षांनी आफ्रिकेच्या मुलांना नाशिकमध्ये आसरा देत होते आणि नजाशीने न घातलेली अट घालीत होते.

शरणपूरचा हा अध्याय फार दिवस चालला नाही. झांजीबारच्या सुलतानाशी १८७३ मध्ये तह झाला आणि तेथील गुलामांचा बाजार बंद पडला. तो तह घडविण्यासाठी गेलेले वकील म्हणजे मुंबईचे माजी गव्हर्नर फ्रिअर. मुक्त झालेल्यांना हिंदुस्थानात आणण्याऐवजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसवावे, असा विचार पुढे आला. मोंबासाजवळ १८७५ मध्ये फ्रिअर टाउन नावाची वसाहत झाली. तिची उभारणी करावयास शरणपूरवाले प्राइसच गेले आणि नाशिकचे आफ्रिकनही गेले. काही जण तर त्याआधी, १८६४ मध्येच, मोंबासाजवळच्या रबाई गावी पोहोचले होते. नाशिकचा आफ्रिकन आश्रम बंद झाला.

फ्रिअर टाउनमध्ये त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. नाशिकला ते हबशी होते, मोंबासाला मुंबईवाले झाले. त्यांचा पोशाख निराळा, बोलणे निराळे, कागदपत्रे इंग्रजीत. शिक्षक, कारकून, सुतार, धर्मोपदेशक ही कामे त्यांनी केली; पण गोऱ्या पाद्र्यांनी त्यांना बरोबरीने वागविले नाही आणि आसपासच्या लोकांनी त्यांना आपले मानण्यास वेळ लावला. विल्यम जोन्स नावाच्या नाशिकला शिकलेल्या आफ्रिकन उपदेशकाला दीक्षा मिळाली ती १८८५ मध्ये, आफ्रिकेत येऊन वीस वर्षे झाल्यावर. परत मायदेशी गेलेला आश्रित लगेच आपल्या लोकांत मिसळतो, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

शरणपुरात संस्थेने आसरा दिला. आपल्याच जिल्ह्यात त्याच सुमारास दुसऱ्या प्रकारचा आसराही घडत होता, आणि त्यात संस्था नव्हती, वर्गणी नव्हती, देणगीदार नव्हते. तो मोसम नदीच्या काठी, मालेगावात. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेत इंग्रजांनी जी दडपशाही केली, तिच्या झळा मुसलमान विणकरांच्या वस्त्यांनाही लागल्या. विलायती कापडाने माग आधीच बसविले होते. १८६२ च्या सुमारास बनारसकडे दुष्काळ पडला. बनारस, अलाहाबाद, आजमगड भागातील मोमीन विणकरांची कुटुंबे आग्रा रोडने दक्षिणेकडे निघाली. काही भिवंडीपर्यंत गेली, पुष्कळ मालेगावात थांबली.

येथे त्यांना कोणी घर बांधून दिले नाही. त्यांनी झोपड्या घातल्या, जमिनीत खड्डे करून माग मांडले. परंतु मालेगावात सुताचे व्यापारी होते, आठवड्याचा बाजार होता आणि आसपासच्या शेकडो खेड्यांत नऊवारी लुगडे नेसणाऱ्या बायका होत्या. उत्तरेकडच्या विणकराने महाराष्ट्रातल्या बाईच्या आवडीचे रंगीत लुगडे विणावयास घेतले. भाषा त्याने स्वतःची ठेवली, मशिदी बांधल्या, मदरसे काढले, नाव कोणी बदलले नाही. धंदा तेवढा येथल्या गिऱ्हाइकाच्या पसंतीने बेतला. विसाव्या शतकात यंत्रमाग आले आणि छावणीचे हे लहान गाव कापडाचे शहर झाले. १९४८ नंतर हैदराबाद संस्थानातून आलेल्या कुटुंबांनाही याच शहराने सामावून घेतले.

या विणकरांपैकी पुष्कळांचे आडनाव अन्सारी. मदिनेत ज्यांनी मक्केच्या मुहाजिरांना आपल्या घरांत घेतले ते अन्सार, म्हणजे मदत करणारे. मालेगावात मुहाजिर होऊन आलेल्या माणसांच्या नावातच अन्सार होते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. मदिनेतील एक प्रसंग आपल्या मुलांना मौलवीसाहेबांनी सांगितलेला असेलच. हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांनी एकेका मुहाजिराला एकेका अन्साराचा भाऊ नेमले. हजरत साद बिन रबी यांनी आपल्या वाट्याला आलेल्या अब्दुर्रहमान बिन औफ यांना निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुवा दिली, मालमत्ता नाकारली आणि बाजार कोठे आहे तेवढे दाखवा, असे सांगितले. ते तूप व पनीर विकून उभे राहिले. मालेगावच्या विणकराला निम्मी मालमत्ता देऊ करणारा कोणी भेटला नाही. बाजार मात्र दाखविला गेला. यात मी मालेगावचे कौतुक करीत असलो तरी त्याची उणी बाजू दिसत नाही असे नाही. संस्थेवाचून वसलेल्या वस्तीत शाळा उशिरा येते, नळ व गटार त्याहून उशिरा. शरणपूरच्या मुलाला दुसऱ्या दिवसापासून पाटी मिळाली. मोमीन विणकराच्या पोराला आधी धोटा मिळाला आणि पाटी मिळावयास दोन पिढ्या गेल्या. आपल्या समाजाच्या शैक्षणिक मागासलेपणाची चर्चा करताना हा हिशेब मांडला जात नाही.

फाळणीनंतरची हकिकत अनेक वडीलधाऱ्यांनी आपल्या आई-बापांच्या तोंडून ऐकलेली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४७-४८ मध्ये सिंधमधून हिंदू कुटुंबे मुंबई इलाख्यात आली. सरकारजवळ घरे नव्हती, पण दुसऱ्या महायुद्धातील लष्करी बराकी रिकाम्या पडल्या होत्या. कल्याण, पिंपरी, देवळाली येथील बराकींत या लोकांना ठेवण्यात आले. कल्याणच्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे तर त्याआधी, १९४३ पासून, युद्धाने देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी आले. देवळालीच्या बराकीत एका खोलीत पडदे बांधून दोन-तीन कुटुंबे राहत. 'शरणार्थी' हा शब्द त्यांना झोंबत असे आणि आम्ही पुरुषार्थी आहोत असे ते म्हणत. पापड, मिठाई, कापड अशा किरकोळ विक्रीपासून त्यांनी सुरुवात केली. सरकारने या वेळी शिधा, कर्ज, दुकानाची जागा आणि शाळा हे चारही दिले, कारण हे लोक मतदार होणार होते, नागरिक होते. जो नागरिक नाही त्याच्यासाठी एवढे कोणी करीत नाही. तिबेटमधून १९५९ नंतर आलेल्यांना वसाहती मिळाल्या, महाराष्ट्रातही अर्जुनी-मोरगाव तालुक्यात १९७२ साली नॉर्ग्येलिंग वसली; तरी लोकरी कपडे विकूनच त्यांची पुष्कळ कुटुंबे जगली. नाशिकचा तिबेटी बाजार शरणपूर रोडवरच आहे, हा योगायोग जाणूनबुजून जुळविला असता तरी याहून बरा जुळला नसता.

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. म्हणून कोणाला देशात राहू द्यावयाचे हा निर्णय दिल्लीत होतो. पण राहू दिलेल्या माणसाचे रोजचे जगणे गावात आणि शहरात ठरते: भाड्याची खोली मिळते का, हातगाडी लावू देतात का, दवाखान्यात केसपेपर निघतो का आणि मुलाला शाळेत घेतात का. पळून आलेल्या माणसाचा पहिला तोटा कागदांचा असतो. आपल्या भागात द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा-पेठकडून येणारी कुटुंबे काही निर्वासित नव्हेत, ती आपलीच आहेत. तरी त्यांची मुले शाळेच्या दारात दाखल्याशिवायच उभी राहतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वयाला योग्य अशा वर्गात बसवावे लागते. हे कलम शिक्षकांना माहीत असते, पालकांना बहुधा नसते. शाळेच्या पटावर अशा मुलाचे नाव लिहिताना ते त्याच्या आईने उच्चारले तसे लिहावे, एवढी माझी जोडसूचना आहे. शरणपूरच्या बहुतेक मुलांची मूळ नावे आज कोणाला सांगता येत नाहीत.

जेकब वेनराइट इंग्लंडहून आफ्रिकेत परतला, निरनिराळ्या मिशनांत नोकऱ्या केल्या आणि १८९२ मध्ये टांझानियातील उरांबो येथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या दिवसांत आणि परतीच्या वाटेवर जेकबने एक रोजनिशी ठेवली होती. त्या प्रसंगाची आफ्रिकन माणसाने स्वहस्ते लिहिलेली ती एकमेव नोंद. तिचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच छापले गेले, मूळ इंग्रजी वही मात्र स्कॉटलंडमध्ये लिव्हिंग्स्टनच्या जन्मगावी, ब्लँटायरच्या संग्रहालयात, राहिली. २०१९ मध्ये तिची पाने छायाचित्रांसह सर्वांना वाचण्यास खुली झाली. इंग्रजी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती जरूर पाहावी. अक्षर वळणदार आहे. ते शरणपुरात गिरवलेले आहे.